पिठलं-भाकरीचा लाइव्ह डेमो

तेजलचा धाकटा भाऊ समर्थ नेमकं काय काम करतो हे तिला कधी धड सांगता आलं नाही, आणि खरं बोलायचं तर त्यालाही आलं नसतं. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो ‘फ्रंट-एंड’ला होता. म्हणजे वेबसाइटचा जो भाग माणसाच्या डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो तो करणारा. बटणं, रकाने, रंग, पाट्या. काम चांगलं आहे, कुणीतरी करायलाच हवं. पण समर्थला ते करून वर्ष होतंय न होतंय तोच एका कॉन्फरन्समध्ये बोलायची संधी मिळाली. त्या दिवसापासून त्यानं बटणं करणं सोडलं आणि बटणांविषयी बोलणं धरलं.

त्याच्या फार आग्रहामुळे तेजल एकदा असल्या कॉन्फरन्सला गेली होती. थंडगार हॉल, अंधार, आणि प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःच्या नावाचा पट्टा, जणू कुणी हरवलं तर मालकानं ओळखावं. बोलणारा येई तो काळ्या टी-शर्टात. पहिल्या चित्रात तो स्वतः, कुठल्यातरी डोंगराच्या टोकावर पाठमोरा. दुसऱ्या चित्रात त्याचं मांजर. मांजर आलं की हॉल हसे. मग तो आवाज खाली आणून सांगे, की तुम्ही आज जे काही लिहिताय ते दोन वर्षांत कचऱ्यात जाणार आहे, नवीन तंत्र येतंय, सगळं बदलणार. यावर टाळ्या पडत. तुमची मेहनत कचऱ्यात जाणार असं तोंडावर सांगतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत, हे काही तेजलला उलगडलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात येऊन कुणी असं बोलला असता तर लाटणं खाऊन गेला असता.

समर्थ त्या मंडळींत शोभून दिसायचा. मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं आरशासमोर उभं राहून हातवारे बसवले होते. कुठं थांबायचं, कुठं पाण्याचा घोट घ्यायचा, कुठं ‘मला खरंच माहीत नाही’ असं म्हणून विनयानं हसायचं, सगळं ठरलेलं. वडील बबनराव चाकणच्या बाजारात भेटेल त्याला सांगत, “आमचा समर्थ भाषणं देतो.” ऐकणारा अदबीनं विचारी, “कोणत्या वॉर्डातनं?” कारण भाषण देणारा माणूस निवडणुकीला उभा राहणार नाही तर काय करणार? एका उत्साही ठेकेदारानं तर चौकात फ्लेक्सही लावला, समर्थचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली ‘युवा वक्ते’. समर्थनं वरवर नाक मुरडलं, पण त्या फ्लेक्सचा फोटो त्याच्या पुढच्या भाषणात मांजराच्या आधी आला.

तेजलचं सासर चाकणजवळच्या महाळुंग्याचं, कारखान्यांच्या पट्ट्यातलं. नवरा सुजित टेम्पो चालवतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं खानावळ काढली आणि कंपन्यांच्या गेटवर डबे पोचवायला सुरुवात केली. परभणी, लातूर, रत्नागिरी, कुठनंकुठनं आलेली माणसं खोल्या करून राहतात, तीन शिफ्टमध्ये राबतात, त्यांच्या जेवणाची वेळ आईनंसुद्धा पाळली नसेल अशी तेजल पाळायची. आपल्या डब्याचं माणूस मशीनवर उपाशी उभं राहता कामा नये, एवढा एकच तिचा नेम. टेम्पो बंद पडला तेव्हा सुजितनं दुचाकीवर फेऱ्या मारल्या, गाव बंद पुकारला होता त्या दिवशी ती स्वतः डोक्यावर पाटी घेऊन गेटापर्यंत चालली. महाळुंग्यात खानावळी पायलीला पन्नास. तेजलची चालायची ती या भरवशावर, आणि हा भरवसा एकदा गेला की तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाइकांत तिचा जीव लागलेला माणूस म्हणजे सोनबा. परभणीकडचा, पन्नाशीला टेकलेला, एका लहानशा वर्कशॉपमध्ये वेल्डर. त्याला साखरेचा त्रास. जेवणाच्या आधी गोळी घ्यायची आणि मग लगेच पोटात अन्न जायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सोनबा सेकंड शिफ्टला असला की जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याला गोळी गिळायचा आणि गेटाकडं चालायला लागायचा. डबा आलाय की नाही हे बघायची त्याला कधी गरज वाटली नाही.

समर्थनं बहिणीला खानावळीचं वेबपेज करून दिलं ते सुरुवातीला खरंच उपयोगाचं होतं. कामगारानं फोनवर उघडायचं, शिफ्ट निवडायची, गेट निवडायचं, काय हवं त्याचं बटण दाबायचं. इकडे स्वयंपाकघरातल्या टॅबवर घंटी वाजायची आणि ऑर्डर दिसायची. साधं, सरळ, सोनबालाही जमेल असं. तेजलनं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं, “माझ्या भावानं केलंय.” ती त्या पेजची पहिली आणि शेवटची बरी दशा. पुढे समर्थ प्रत्येक कॉन्फरन्सहून काहीतरी नवं ऐकून यायचा आणि आल्याआल्या बहिणीच्या पेजची आतडी बाहेर काढायचा.

एकदा बंगळुरूहून आला आणि आमटी फिरायला लागली. बटणाच्या जागी वाटीचं चित्र, तेही गरागरा फिरणारं, बोटानं धरून थांबवलं तरच ऑर्डर जाणार. कामगारांचे स्वस्तातले फोन तापून बंद पडले. समर्थनं त्यावर ‘ब्राउझरमधलं त्रिमिती जग’ असं भाषण दिलं. मग नेटवर्क नसतानाही चालणारं पेज आलं. कारखान्याच्या शेडमध्ये रेंज नसते, तिथं बटण दाबलं की ऑर्डर फोनातच मुकाट बसून राही आणि माणूस शिफ्ट संपवून घराकडे निघाला की रस्त्यात रेंज येऊन तेजलच्या टॅबवर घंटी वाजे. त्यावरही भाषण झालं. मग पेज स्वतःच ओळखायला लागलं की तुम्हाला आज काय खायचंय. श्रावणी सोमवारी अख्ख्या माळकरी खोलीला त्यानं अंडाकरी सुचवली. त्यातला एक जण शेडपर्यंत भांडायला आला. समर्थ त्या आठवड्यात हैदराबादला टाळ्या घेत होता.

दर वेळी तेजल फोन करायची, दर वेळी समर्थ म्हणायचा, “ताई, दोन दिवस दे. लोकांना सवय होईल.” आणि ती गप्प बसायची. इथं तेजललाही सोडायला नको. भावाचं नाव होतंय, आपल्या शेडचा फोटो मोठ्या पडद्यावर झळकतोय, याचं तिला आत कुठंतरी गोड वाटत होतं. सुजित एकदा चिडून म्हणाला होता, “तुझा भाऊ हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतोय.” तर तीच त्याच्याशी चार दिवस बोलली नव्हती.

मग ते हिंजवडीच्या बाजूच्या मोठ्या हॉटेलातलं भाषण आलं. तिथं काय झालं ते तेजलनं नंतर पाहिलं, कारण असल्या भाषणांची रेकॉर्डिंगं नेटवर कायमची टांगलेली असतात. समर्थची पाळी जेवणानंतरची. हॉल सुस्तावलेला, अर्धे लोक लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले. आधीच्या वक्त्यांनी काय काय उडवून दाखवलं होतं, आणि समर्थपाशी दाखवायला होतं ते एकच, बहिणीचं पेज. असलं काही दाखवायचं तर शहाणी माणसं पेजची खोटी नक्कल करतात, म्हणजे खऱ्या कामाला धक्का लागत नाही. ती करायला एक संध्याकाळ लागली असती. ती संध्याकाळ समर्थनं पहिल्या स्लाइडला निळा शोभेल की जांभळा, यात घालवली होती.

“नकली डेमो सगळेच देतात,” तो स्टेजवरून म्हणाला. “मी तुम्हाला खरा देणार आहे. खरी खानावळ, खरे लोक, खरी भूक. फोन काढा.” पडद्यावर चौकोनी कोड आला. “स्कॅन करा आणि पिठलं-भाकरीचं बटण दाबा. भूक लागली असेल तर दोनदा दाबा!” हॉल हसला. पनीर आणि तीन तऱ्हेची मिठाई चापून ढेकर देत बसलेल्या त्या शेकडो माणसांनी फोन काढले आणि दोनदोनदा बटण दाबलं. पडद्यावर आकडा वर चढत गेला. समर्थ मागं सरून हात पसरून उभा राहिला, देवळाचा कळस स्वतः चढवल्यासारखा.

इकडे महाळुंग्यात तेजल संध्याकाळच्या डब्यांसाठी कांदा चिरत होती. घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग थांबेचना.

“बाई गं, काय झालंय त्या घंटीला?” भाकऱ्या थापणाऱ्या शालनबाईंनी विचारलं.

तेजलनं टॅब पाहिला. सगळ्या ऑर्डर एकाच गेटच्या, मोठ्या कंपनीच्या. हॉलमधल्या कुणी गेट निवडलंच नव्हतं, त्यामुळे यादीतलं पहिलं गेट आपोआप लागलं होतं. हे तिला कसं कळणार? नावं होती राजा, डॉन, उपाशी वाघ. पण कामगार पोरंही असलीच नावं घालतात.

“ओव्हरटाइम लागलं असंल,” ती म्हणाली. महिनाअखेरीला माल काढायचा असला की कंपनी दुपारी ओव्हरटाइम जाहीर करते आणि अख्खी लाइन जेवायला थांबते. दिवाळीच्या आधी असंच झालं होतं आणि तेजलनं सगळ्यांना जेवू घातलं होतं. तिनं समर्थला फोन लावून पाहिला, पेज ठीक आहे ना म्हणून. त्याचा फोन बंद. तो तेव्हा प्रश्नोत्तरं घेत होता. मग स्वयंपाक करणारं माणूस जे करतं तेच तिनं केलं, पदर खोचला. शेजारून पीठ आणलं, आळीतल्या बायका गोळा केल्या, चार चुली पेटवल्या. शालनबाई म्हणाल्या, “आगं, येवढं माणूस आसतंय का त्या कंपनीत?” तर तेजलनं त्यांनाच गप्प केलं. मनातून ती फुलली होती. एवढ्या मोठ्या गेटनं आपल्यावर भरवसा टाकला, असं तिला वाटलं.

टॅबवर ऑर्डर ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं डबे भरायचे, ही खानावळीची रीत. लहान वर्कशॉपच्या ऑर्डर नेहमीसारख्या उशिरा आल्या होत्या आणि त्या ढिगाऱ्याच्या तळाशी जाऊन पडल्या होत्या. सुजित टेम्पो भरून मोठ्या गेटवर गेला. वॉचमननं टेम्पोत डोकावून पाहिलं.

“कुणाचं लग्न हाय, राव?”

“ओव्हरटाइमवाल्यांचे डबे.”

“कसलं ओव्हरटाइम? आज सेकंड शिफ्टच आर्धी हाय. मटेरियल न्हाई आलं.”

सुजित तरीही थांबला. आत निरोप पाठवला, वाट पाहिली. कुणी आलं नाही. तो माघारी फिरला तोपर्यंत लहान गेटांची जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, आणि तेजलच्या फोनवर सोनबाच्या शेजारी काम करणारा भिवा ओरडत होता, “ताई, डबा कुठाय? सोनबा पडला हितं!”

सोनबानं भोंग्याला गोळी गिळली होती आणि गेटावर जाऊन उभा राहिला होता. बराच वेळ उभा राहिला. डबा येतच असंल, असं भिवाला म्हणत राहिला. मग घाम फुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गेटाच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटून तो खाली कोसळला. लोकांनी तोंडात साखर घातली, दवाखान्यात नेलं. कपाळाला टाके पडले. तेजल डबा घेऊन धावत तिथं पोचली तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता.

“उगं आलाव ताई,” तो म्हणाला. “मला काईच झालं न्हाई. म्याच येडा, डबा न बघता गोळी खाल्ली.”

तेजल तिथंच स्टुलावर बसून ढसाढसा रडली. भाकऱ्या एवढ्या उरल्या होत्या, की खोल्याखोल्यांत वाटूनही संपल्या नाहीत. त्या आठवड्यात दोन वर्कशॉपच्या पोरांनी काही न बोलता दुसरी खानावळ धरली. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दवाखान्यातून निघतानाच समर्थचा फोन आला होता. “ताई! अगं हॉल उभा राहिला! उभा!”

तिनं त्याला सगळं सांगितलं. भाकऱ्या, टेम्पो, सोनबा, टाके. पलीकडे शांतता पसरली. पोराच्या मनाला लागलं, असं तिला वाटलं. मग समर्थ हळूच म्हणाला, “म्हणजे सगळ्या ऑर्डर पोचल्या? एकही गळाली नाही? ताई, एवढा लोड घेतला पेजनं!”

तिनं फोन कापला. तरी रक्ताचं नातं ते. दोन दिवसांनी समर्थ पेढे घेऊन आला, शेडमध्ये पाटावर बसला, सॉरी म्हणाला, आणि सगळं पुन्हा विचारून घेऊ लागला. घंटी वाजली तेव्हा तुला काय वाटलं? शालनबाई नेमकं काय म्हणाल्या? फोन आला तेव्हा तुझ्या हातात काय होतं? तेजलला वाटलं, पश्चात्ताप झालाय, मन मोकळं करतोय. तिनं सगळं सांगितलं, सांगताना पुन्हा रडली. त्यानं फोन दोघांच्या मध्ये ठेवला होता आणि त्यात ते रेकॉर्ड होत होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. निघताना ती म्हणाली, “सोनबाला भेटून ये. खोलीवरच हाय तो.” समर्थ म्हणाला, “नक्की, पुढच्या वेळी,” आणि मारुंजीला गेला.

महिनाभरात त्याचं नवं भाषण तयार झालं, ‘एका बटणाची गोष्ट: मी केलेली चूक’. आता या मंडळींत चूक कबूल करण्याला यशापेक्षा जास्त भाव आहे. माणसानं घर जाळावं आणि राखेवर भाषण द्यावं, टाळ्या घर बांधणाऱ्यापेक्षा जास्त मिळतात. भाषण इतकं गाजलं, की त्याला बर्लिनहून बोलावणं आलं. बबनरावांनी गावभर पेढे वाटले आणि लोकांनी विचारलं, तिकीट कुठल्या पक्षाचं.

बर्लिनच्या आधी चिंचवडच्या एका सभागृहात शनिवारी सकाळी हेच भाषण होतं. “ताई, तू यायचंस,” समर्थ म्हणाला. “तुझा सत्कार ठेवलाय.”

“मला न्हाई सत्कार-बित्कार पायजे. येईन, पण तिथं सोनबाची माफी मागायची. सगळ्यांसमोर. त्याला घेऊन येते मी.”

“अगं, त्यासाठी तर वेगळी स्लाइडच आहे!” समर्थ म्हणाला.

तेजलनं सोनबाला कसंबसं राजी केलं. सेकंड शिफ्ट होती, दुपारच्या आत परतायचं होतं. सुजितनं दोघांना टेम्पोतून सोडलं. सोनबानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल लावलं होतं. कपाळावरचा व्रण त्यानं टोपीखाली घेतला होता. ती दोघं दुसऱ्या रांगेत बसली. समर्थ स्टेजवर आला, डोंगर झाला, मांजर झालं, हॉल हसला. मग दिवे मंद झाले आणि स्पीकरमधून तेजलचा रडका आवाज वाजला, तिच्या शेडमधला, फोनात धरलेला. आपण भावाजवळ रडलो होतो, इथल्या माणसांजवळ नव्हतो.

पुढची स्लाइड आली. तिच्यावर एक गोल तोंडाचा कार्टून माणूस होता, कपाळावर घामाचा थेंब. खाली लिहिलं होतं ‘यूजर’. समर्थनं पाण्याचा घोट घेतला, छातीवर हात ठेवला. “माझ्यामुळे,” तो म्हणाला आणि ठरलेल्या ठिकाणी थांबला, “एक यूजर उपाशी राहिला. मी त्या यूजरची माफी मागतो.”

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सोनबानंही टाळ्या वाजवल्या. मग तो तेजलकडे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, “कोन म्हनायचा ओ ताई हा बिचारा? कुठं उपाशी राह्यला?”

तेजलनं त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात सूत्रसंचालकानं तिचं नाव पुकारलं, तिला वर नेलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि पुन्हा टाळ्या झाल्या. तिला बोलू द्यायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वेळ कमी होता.

बाहेर आल्यावर फोटो. मागं कंपन्यांची नावं छापलेला पडदा, पुढं काळ्या टी-शर्टांची रांग, मधोमध समर्थ आणि तेजल. तिची पिशवी आणि नारळ घेऊन सोनबा रांगेच्या कडेला उभा होता.

“काका,” समर्थ गोड आवाजात म्हणाला, “जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.”

“सॉरी सायेब,” म्हणत सोनबा चटकन मागं सरला.

तेजल रांगेतून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “समर्थ, ह्यो सोनबा.”

“कोण सोनबा?”

“तू आत्ता ज्याची माफी मागितलीस त्यो.”

समर्थचा चेहरा उतरला. खरंच उतरला. त्या एका क्षणात तेजलला आपला लहानपणीचा भाऊ दिसला, फुटलेला माठ मागं लपवून उभा असलेला, आणि तिला वाटलं आता हा पुढं होईल, सोनबाचा हात धरेल. समर्थ पुढं झालाही. पण तेवढ्यात त्याचे डोळे चमकले.

“काका, तुम्हीच? अरे वा! काय सांगता! थांबा, थांबा, इथंच उभे राहा. टोपी काढा जरा, व्रण दिसू दे.” त्यानं फोन काढून धरला. “बर्लिनसाठी एक छोटा व्हिडिओ घेऊ. सांगा, त्या दिवशी काय वाटलं तुम्हाला?”

सोनबानं टोपी काढली. काळ्या टी-शर्टांनी भोवती कडं केलं. सोनबानं तेजलकडे पाहिलं, मग फोनकडे पाहून म्हणाला, “भूक लागली होती.”

“सुंदर! परत एकदा, काका. मागून कुणीतरी गेलं.”

“भूक लागली होती, सायेब.”

“‘सायेब’ नको. आणि थोडं सावकाश. आतून येऊ दे.”

सोनबानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची मान खाली गेली. तेजलनं पुढं होऊन फोनवर हात ठेवला.

“बास झालं.”

“ताई, एकच टेक...”

“बास म्हणलं ना! माणूस उभा हाय तुझ्यासमोर. पडला तवा तू न्हाई आलास, टाकं पडलं तवा न्हाई आलास, आणि आता आतून येऊ दे म्हणतोस? लाज न्हाई वाटत तुला?” तिचा आवाज चढला होता, लोक बघत होते, त्यातल्या एकानं तेही टिपायला फोन वर केला होता. “आजपासनं माझ्या खानावळीचं नाव तुझ्या तोंडात नको. त्ये पेज आत्ताच्या आत्ता काढून टाक. माझी माणसं मी फोनवर बोलून सांभाळीन.”

समर्थ हादरला. मघाशी छातीवर ठेवलेला हात आता आपोआपच छातीवर गेला. “ताई, असं नको ना करू. अगं, बर्लिनला मी काय दाखवू?”

“तुझं सोताचं काय असंल त्ये दाखव.”

“माझं?” समर्थ म्हणाला. “माझं म्हणजे...” आणि थांबला. हे थांबणं आरशासमोर बसवलेलं नव्हतं. तेजलनंही वाट पाहिली. रागात होती, तरी मनापासून पाहिली. त्यानं काहीतरी नाव घ्यावं, एखादं बटण का होईना, स्वतः केलेलं आणि कुणाच्या तरी कामी आलेलं, असं तिला फार वाटत होतं. तो शब्द शोधत उभा राहिला. रस्त्यावरून सुजितनं हॉर्न वाजवला. सोनबाची शिफ्ट होती, डबे भरायचे होते. तेजलनं खांद्यावरची शाल काढून भावाच्या हातात दिली आणि ती सोनबाला घेऊन टेम्पोकडे निघाली.